बर्फाविना हिवाळा: प्राथमिक वर्गासाठी वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीनंतरच्या टपालात यंदा नागपूर परिसरातल्या पहिली ते पाचवीच्या शिक्षकांची पत्रं जास्त होती. सारख्या प्रश्नांचा एकेक प्रश्न केला आहे. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं आहेत आणि तास अर्ध्या-पाऊण तासाचा आहे असं धरलं आहे.

‘हिवाळा’ म्हणून जे वर्कशीट मिळतं त्यात स्नोमॅन, स्लेज आणि हातमोजे. माझ्या तिसरीतल्या मुलांनी बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. कापूस चिकटवून किती दिवस काढायचे? (शिक्षिका, महाल)

स्नोमॅन रंगवल्याने काही बिघडत नाही, पण त्यातून मोजण्यासारखं काही हाती लागत नाही. नागपुरात थंडीने गोठणारी वस्तू घरोघरी आहे: खोबरेल तेल. ते साधारण २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा त्याच्या बराच खाली असतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ अंशांवर गेला होता.

औषधाच्या तीन रिकाम्या, पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत ३० मिली खोबरेल, दुसरीत तेवढंच शेंगदाणा तेल, तिसरीत जवसाचं. वरच्या पातळीवर मार्करने रेघ मारा. आधी अंदाज लिहून घ्या: उद्या सकाळी कोणतं गोठलेलं असेल? बाटल्या रात्रभर उत्तरेच्या खिडकीत ठेवा. सकाळी खोबरेल पांढरंफटक, बाकी दोन्ही पातळ. मग त्याच दोन बाटल्या एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या तर शेंगदाणा तेल गढूळ व्हायला लागतं, जवसाचं तिथेही पातळच राहतं. ‘गोठण्याचं तापमान प्रत्येकाचं वेगळं’ हे वाक्य फळ्यावर लिहायची गरज उरत नाही.

खरी मजा त्या रेघेपाशी आहे. गोठलेल्या खोबरेलाची पातळी रेघेच्या खाली गेलेली असते आणि मधोमध खळगा पडलेला असतो, कारण गोठताना ते आक्रसतं. पाणी उलट फुगतं. पुढचा तुकडा मुलांसमोर करा: अर्धी वाटी पातळ खोबरेल घ्या आणि त्यात गोठलेल्या तेलाचा वाटाण्याएवढा खडा टाका. तो थेट तळाशी जातो. शेजारी पाण्याच्या वाटीत बर्फाचा खडा तरंगत ठेवा. तिसरीतली मुलं इथे आपणहून ‘का?’ विचारतात. उत्तर एवढंच द्या की बर्फ पाण्यापेक्षा हलका आहे आणि गोठलेलं खोबरेल पातळ खोबरेलापेक्षा जड. वाटीतलं तेल गरम असेल तर खडा तळाला पोचायच्या आतच विरघळतो. ते जेमतेम पातळ असावं.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा बाटलीवरच्या लेबलामुळे. सुवासिक, ‘चिपचिप न करणाऱ्या’ केसांच्या तेलांत खनिज तेल मिसळलेलं असतं. ती गोठतच नाहीत. घाण्याचं किंवा खाण्याचं शुद्ध खोबरेल घ्या. आणि एखादी बाटली चांगली गार होऊनही पातळच राहिली, तर गोठलेल्या तेलाचा कण आत टाका. सुरुवात करून द्यायला कोणी लागतं, एवढंच.

स्वेटरचा प्रयोग केला. तीन ग्लासांत गरम पाणी, एकाला लोकर, एकाला सुती कापड, एक उघडा. अर्ध्या तासाने तिन्ही जवळजवळ सारखेच गार! मुलं म्हणाली, ‘मॅडम, मग स्वेटर कशाला घालायचा?’ (दुसरीच्या शिक्षिका, हिंगणा रोड)

तुम्ही ग्लासांवर झाकण ठेवलं नव्हतं, बहुधा. गरम पाण्याची उष्णता बाजूने जाते त्याहून जोरात ती वरून, वाफेवाटे जाते. तोंड उघडं असेल तर बाजूला लोकर गुंडाळा की गोधडी, फरक झाकला जातो. हे म्हणजे स्वेटर घालून डोकं ओल्या टॉवेलात गुंडाळण्यासारखं झालं.

असं करा. एकाच मापाचे चार स्टीलचे ग्लास, प्रत्येकी २०० मिली पाणी, सुरुवातीला ५५ अंशांच्या आसपास. पाणी शिक्षकांनीच ओतायचं. प्रत्येकावर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला थर्मामीटर जाईल एवढं भोक. खाली घडी केलेला कागद, नाहीतर फरशीच उष्णता ओढून घेते. पहिला ग्लास तसाच. दुसऱ्याला लोकरीच्या मफलरचे दोन वेढे, पण सैल, कारण काम करते ती लोकरीत अडकलेली हवा आणि करकचून बांधलं की तीच पिळून निघते. तिसऱ्याला वर्तमानपत्राचे आठ-दहा थर. चौथ्याला ओलं सुती फडकं. दर पाच मिनिटांनी नोंद, अर्धा तास. मोजण्याआधी प्रत्येक वेळी हलकेच ढवळा. न ढवळता घेतलेला आकडा फसवा असतो, वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा गरम असतं.

आता न गुंडाळलेला ग्लास आणि मफलरवाला यांत पाच अंश किंवा त्याहून जास्त फरक दिसतो. वर्तमानपत्र मफलरच्या बरंच जवळ जातं. थंडीत अंथरुणाखाली कागद घातला तर ऊब का टिकते ते इथे कळतं. ओलं फडकं सगळ्यांत आधी गार करतं. नागपूरच्या कोरड्या हवेत हा परिणाम ठळक दिसतो. कूलरखाली उन्हाळा काढलेल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही.

थर्मामीटर प्रयोगशाळेतला, लाल अल्कोहोलचा, उणे १० ते ११० अंशांचा घ्या. तापाचा थर्मामीटर ५५ अंशांच्या पाण्यात बुडवला तर फुटतो आणि पाऱ्याचा असेल तर वर्गात नसती आफत.

मुलांच्या डोक्यातली मूळ समजूत मात्र वेगळीच असते: ‘स्वेटर ऊब देतो.’ ती काढायला उलटा प्रयोग लागतो. सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे दोन छोट्या पिशव्यांत घालून तोंड बांधा. एक पिशवी स्वेटरात गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. कोणता आधी वितळेल? हात वर करायला सांगा आणि मतं फळ्यावर मोजा. बहुतेक हात स्वेटरच्या बाजूने जातात. पाऊण तासाने उघडून पाहिलं की उघड्या पिशवीत बरंचसं पाणी आणि स्वेटरातला खडा अजून शाबूत. स्वेटर ऊब देत नाही, ये-जा अडवतो. दोन्ही पिशव्या वर्तमानपत्रावर ठेवा. उघडी पिशवी स्टीलच्या ताटलीत ठेवली तर ताटली आपली उष्णता देऊन तिला आणखी लवकर वितळवते आणि तुलना खोटी ठरते.

सावली मोजायचा उपक्रम पाचवीत दर वर्षी करतो. बरोबर १२ वाजता मोजतो, पण सर्वांत छोटी सावली त्या वेळी येत नाही. शिवाय ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’ असं पोरांना घरी शिकवलेलं असतं. (शिक्षक, काटोल)

घड्याळातले १२ आणि नागपूरच्या डोक्यावरचे १२ वेगळे. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं चालतं, नागपूर ७९.१ च्या आसपास. म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे साडेतेरा मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात भर म्हणून पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे ही वेळ वर्षभर मागेपुढे सरकते. नागपूरसाठी हिवाळ्याचे अंदाजे आकडे असे: १ डिसेंबरला १२.०३, २२ डिसेंबरला १२.१२, १४ जानेवारीला १२.२३, ३१ जानेवारीला १२.२७. एक मीटर काठीची त्या क्षणीची सावली अनुक्रमे ९३, ९९, ९२ आणि ८० सेंटिमीटर. काटोल नागपूरपासून फार दूर नाही. दोनेक मिनिटं आणि सेंटिमीटरभर इकडेतिकडे, बाकी हेच आकडे चालतील.

२२ डिसेंबरचा आकडा पुन्हा पाहा. सूर्य त्या दुपारी आपल्याकडे जेमतेम ४५ अंशांवर चढतो, म्हणून वस्तू जेवढी उंच तेवढीच जवळपास तिची सावली. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलीची सावली ११८. मुलांना मैदानावर जोडीने उभं करा, एकाने दुसऱ्याची सावली खडूने आखायची, मग आखलेल्या रेघेवर त्यालाच झोपवायचं. डोकं आणि पाय जवळजवळ जुळतात. दिल्लीत किंवा चेन्नईत ही गंमत त्या दिवशी होत नाही. दिल्लीत सावली बरीच लांब पडते, चेन्नईत आखूड. जूनमध्ये तीच मीटरभर काठी घेऊन या. २१ जूनला ढग नसतील तर सावली फक्त ४ सेंटिमीटर, तीही दक्षिणेला.

मोजताना काठीला ओळंबा लावा. काठी सावलीच्या दिशेत दोन अंश कलली तरी साडेतीन सेंटिमीटर चुकतात. सावलीचं टोक कधीच रेखीव नसतं, मीटरभर काठीला जवळपास दोन सेंटिमीटर अस्पष्ट पट्टा असतो. दर वेळी त्याच्या मधोमध खूण करायची असं आधी ठरवून घ्या, नाहीतर दोन गट दोन उत्तरं आणतात. ११.५० पासून १२.४० पर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करा. सगळ्यांत आखूड सावली काठीपासून जिकडे जाते ती खरी उत्तर. चुंबकसूची मग बाजूला ठेवली तरी चालते.

संक्रांतीचं असं की सूर्य दक्षिण टोकाहून परततो २१ किंवा २२ डिसेंबरला. तेव्हा नागपूरचा दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. संक्रांतीची तारीख ताऱ्यांच्या राशीवरून ठरते आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्याने ती ऋतूंच्या मानाने पुढे सरकत आली आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होत. म्हणजे आजीचं म्हणणं जुन्या पंचांगाला धरून बरोबरच होतं, तसंच सांगा.

पण एक चलाख मूल हमखास म्हणेल, ‘सर, जानेवारीत तर सकाळी आणखी अंधार असतो.’ त्याचं निरीक्षण खरं आहे. २२ डिसेंबरच्या तुलनेत १४ जानेवारीला सूर्य सुमारे सात मिनिटं उशिरा उगवतो, पण मावळतो सुमारे चौदा मिनिटं उशिरा. दिवस वाढतो तो सगळा संध्याकाळकडून. सूर्योदय आणि सूर्यास्त अशा दोन रंगांच्या दोन रेघा आलेखावर आठवड्याला एकदा काढायला लावा. वेळा वर्तमानपत्रातून घ्या.

घरी संत्र्यांची पेटी आली आहे. मुलगा पहिलीत. खाण्यापलीकडे काय करता येईल? (पालक, मनीषनगर)

बादलीत पाणी भरा. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. सालीतला पांढरा भाग स्पंजासारखा हवेने भरलेला असतो. फोडताना आधी अंदाज: फोडी किती? मग मोजून लिहायचं, दहा संत्र्यांसाठी दहा आकडे. बहुतेक नऊ ते बाराच्या आत येतात. फुगवलेल्या फुग्यावर सालीचा तुषार पिळलात तर तो फट्कन फुटतो, सालीतलं तेल रबर कमजोर करतं. डोळ्यांपासून लांब.

हे फळ अंबिया बहाराचं, म्हणजे गेल्या जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या फुलांचं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या फुलांची संत्री बाजारात फेब्रुवारीनंतर येतील. तेव्हा हाच तक्ता पुन्हा करा.

हरभऱ्याच्या आंबेचा प्रयोग पुस्तकात नाही, पण आमच्या शाळेभोवती सगळा हरभराच आहे. चौथीत करता येईल का? (शिक्षिका, कळमेश्वर तालुका)

करा. शहरातल्या शाळांना हेवा वाटावा असा हा प्रयोग आहे. हरभऱ्याच्या पानांवरचे बारीक केस आम्ल स्रवतात, मुख्यतः मॅलिक आम्ल. पहाटेच्या दवात ते मिसळतं, तीच आंब. पीक फुलोऱ्यात असताना, म्हणजे जानेवारीत, संध्याकाळी स्वच्छ पांढरी मलमल पिकावर पसरून ठेवा आणि उजाडताना वाटीत पिळा.

आधी जास्वंदीचा कागद तयार हवा. लाल जास्वंदीची दहा फुलं, फक्त पाकळ्या, १०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून गाळा. चित्रकलेच्या कागदाच्या बोटभर पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. आंबेचा थेंब पडला की पट्टी गुलाबी-लाल होते. चुन्याच्या निवळीने तीच हिरवट होते. हळदीचा कागद इथे निरुपयोगी, तो आम्लाला दाद देत नाही, फक्त चुना-साबणाला लाल होतो. बरेच जण नेमका तोच घेऊन शेतात जातात.

आंब निघाली पण कागद बदलला नाही, तर मलमल साबणाने धुतलेली असावी. राहिलेला साबण आम्ल मारून टाकतो. मलमल साध्या पाण्यात तीन-चारदा खळबळून वाळवा. वारा सुटलेल्या रात्री दव पडत नाही, त्या दिवशी कापड कोरडंच मिळेल. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पिकात पाऊल नको आणि अलीकडे फवारणी झाली असेल तर मुलांना चाखायला देऊ नका.

शहरात कुंडी चालेल. किराणा दुकानातले दहा हरभरे, चार-पाच सेंटिमीटर खोल, नोव्हेंबरात. पाणी बेतानं. रोज पाणी घालणाऱ्या उत्साही मुलांमुळे जास्त झाडं मरतात. ओलसर जास्वंदी कागद पानावर दाबला की बारीक गुलाबी ठिपके उमटतात.

कागदाचा हिमकण कापतो तर त्याला आठ टोकं येतात. खऱ्याला सहा असतात ना? (शिक्षिका, धंतोली)

हो, सहाच. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, त्यामुळे. तुम्ही घडीची घडी निम्मी-निम्मी करत जाता, म्हणून आठ. चौरस कागद कर्णावर दुमडा. लांब बाजूच्या मध्यबिंदूशी आता १८० अंश आहेत. त्याचे निम्मे न करता तीन सारखे भाग करा, ६० अंशांचे. त्यासाठी जाड पुठ्ठ्याचा ६० अंशांचा एक तुकडा कापून प्रत्येक बाकावर द्या, डोळ्याच्या अंदाजाने मुलांना तिघाडी जमत नाही. मग पुन्हा एकदा निम्मी घडी आणि वरची वाकडीतिकडी टोकं एका रेषेत छाटा.

बारा थर होतात. झेरॉक्सचा कागद पोरांच्या कात्रीला कापला जात नाही. संक्रांतीच्या सुमारास मिळणारा पतंगाचा ताव घ्या. आणि सांगताना गारेशी गल्लत नको. विदर्भात पडते ती गार कांद्यासारखी थरांची असते, षटकोनी नसते.

डिसेंबरात शाळेसमोरचा रस्ता अधिवेशनामुळे बंद असतो. मुलं विचारतात, ‘हे काय असतं?’ (तिसरी-चौथीचे शिक्षक, सिव्हिल लाइन्स परिसर)

नागपूरच्या हिवाळ्याचा याहून अस्सल विषय नाही. दोन वाक्यांत पार्श्वभूमी: १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० पासून ते इथे भरू लागलं. विधानसभेत २८८ आमदार, म्हणून बहुमत १४५. तुमच्या वर्गात ४० मुलं, तर बहुमत किती? वीस म्हणणारे निम्मे निघतील. २० विरुद्ध २० म्हणजे बरोबरी, हे त्यांनाच हात मोजून सापडू द्या.

अध्यक्ष एक, मंत्री पाच: पाणी, स्वच्छता, खेळ, डबा, ग्रंथालय. बाकी निम्मे सत्ताधारी, निम्मे विरोधी, चिठ्ठ्या टाकून. आदल्या दिवशी प्रत्येकाने एक प्रश्न कागदावर द्यायचा. अध्यक्ष त्यातले सहा तारांकित निवडतो, म्हणजे त्यांना तोंडी उत्तर आणि वर दोन उपप्रश्न. उरलेले अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं, दहा मिनिटं एक ठराव, पाच मिनिटं मतदान.

टीव्हीवर पाहिलेलं असल्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत गोंधळ ठरलेला. बोलणं फक्त ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून अध्यक्षाकडे बघून, परस्परांशी नाही. घंटा वाजली की सगळे खाली. एवढे दोन नियम पुरतात. प्रश्न मात्र खरे हवेत. ‘दुसऱ्या मजल्यावरचा नळ किती दिवस बंद आहे?’ हा चांगला प्रश्न. आणि पाणीमंत्र्याने दिलेलं आश्वासन आठ दिवसांनी तपासायचं, तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पक्षी दाखवायला तलावावर सहल न्यावीच लागते का? (शिक्षिका, वाडी)

नाही. शेपटी सतत वरखाली करणारा धोबी आणि शेपटी थरथरवणारा थिरथिरा हे हिवाळी पाहुणे शाळेच्या मैदानावर, कुंपणावर येतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह, तिथून सुरुवात करा. दर सोमवारी मधल्या सुट्टीआधी एकाच जागी दहा मिनिटं. जागा आणि वेळ बदलली की आकड्यांची तुलना होत नाही. एकही दिसला नाही तर शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. हे पाहुणे परत गेल्यावरचे शून्यच तर पाहायचे आहेत.

थंडीत मटकीला मोड यायला उशीर का होतो? (विद्यार्थिनी, चौथी, गोकुळपेठ)

मोड येताना बीच्या आत जी कामं चालतात ती थंडीत संथ होतात. स्वतः करून बघ: ५० दाणे आठ तास भिजव, २५ दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेव, २५ तसेच गुंडाळून खिडकीत. डब्याभोवती जुना स्वेटर गुंडाळ आणि त्याच्या शेजारी गरम पाण्याची बाटली ठेव, नुसता स्वेटर पुरणार नाही. बाटलीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदल. दर सहा तासांनी किती दाण्यांना मोड आला ते मोज. खिडकीतलं फडकं लवकर वाळतं, ते ओलं ठेव, नाहीतर उशीर थंडीमुळे झाला की पाण्यावाचून, ते कळणार नाही.